जपानी संग्रहालयात दार इतक्या उशिरा का येतं?

मागच्या अंकात जपानच्या सेतो समुद्रातल्या नाओशिमा बेटावरच्या संग्रहालयांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेते आहे. मी प्रदर्शनांच्या मांडणीचं काम करते आणि त्यातली काही वर्षं जपानात काढली आहेत. या वेळी वाचकांनी विचारलंय ते अगदी माझ्या जिव्हाळ्याचं आहे: आत पाऊल टाकायच्या आधीपासून इमारत आपल्याला कसं वागायला लावते.

प्रश्न: ताई, सासूबाईंना घेऊन मिहो म्युझियमला जायचं ठरतंय. नकाशात पाहिलं तर तिकीटघर एकीकडे आणि मुख्य इमारत पार पलीकडे. मध्ये बोगदा, मग पूल, मग पायऱ्या. दार रस्त्याला लागून ठेवता आलं नसतं का?

उत्तर: सासूबाईंची काळजी नको. स्वागतकक्षापासून मुख्य इमारतीपर्यंत विजेवर चालणारी छोटी गाडी असते, त्यांना तिच्यात बसवा. तुम्ही मात्र चालतच जा. आर्किटेक्ट आय. एम. पेई यांनी १९९७ साली शिगाराकीच्या डोंगरात हे संग्रहालय बांधलं, तेव्हा त्यांच्या मनात ताओ युआनमिंग या प्राचीन चिनी कवीची एक गोष्ट होती. एक कोळी बहरलेल्या पीचच्या झाडांमधून जातो, डोंगरातल्या एका भगदाडात शिरतो आणि पलीकडे त्याला जगापासून लपलेलं एक सुखी गाव सापडतं. पेईंनी ती गोष्ट तुमच्या पायांना सांगायची ठरवली. बोगदा सरळ नाही, तो वळतो, म्हणून शिरताना दुसरं टोक दिसत नाही. आतून स्टीलचे पत्रे लावले आहेत. बाहेर चेरी फुललेली असते त्या दिवसांत तो गुलाबी उजेड पत्र्यांवरून आत सरकतो. वळण संपलं की १२० मीटरचा पूल आणि त्याच्या टोकाला काचेचं उतरतं छप्पर. इमारतीचा सुमारे ८० टक्के भाग जमिनीखाली आहे, कारण डोंगराची झाडी राखायची होती. तेव्हा लांबून दिसणारा भव्य दर्शनी भाग इथे शक्यच नव्हता, आणि पेईंनी त्याच अडचणीतून ही वाट काढली. जाण्याआधी तारखा मात्र बघा, हिवाळ्यात ते बंद असतं.

डोंगर हाताशी असला की हे जमतं, असं वाटेल. मग टोकियोत ओमोतेसान्दोच्या महागड्या दुकानांना वळसा घालून नेझू म्युझियमला जा. आर्किटेक्ट केंगो कुमा यांची ही इमारत २००९ची. फाटकातून आत गेल्यावर समोर दार नाही. तुम्हाला काटकोनात वळवलं जातं आणि रस्त्याला समांतर अशा एका लांबट पडवीतून चालायला लावतात. डोक्यावर खूप पुढे आलेली, खाली झुकलेली छपराची वळचण, एका हाताला जिवंत बांबूची रांग, दुसऱ्या हाताला बांबूनेच मढवलेली भिंत. चालणं मिनिटभराचंसुद्धा नाही. पण पहिल्या काही पावलांत गाड्यांचा आवाज कानांत असतो आणि शेवटच्या पावलांत आपण खाली, पायाशी बघत असतो. मी मिहोपेक्षा नेझूला झुकतं माप देते. पेईंकडे अख्खा डोंगर होता. कुमांनी एवढाच परिणाम फुटपाथच्या शेजारी साधला.

ही युक्ती दोघांचीही नाही. चहाच्या समारंभासाठी जी बाग लावतात तिच्यातून ती आली आहे. पाहुणा फाटकातून थेट चहाच्या खोलीत कधीच जात नाही. वाटेतले दगड मुद्दाम वेडेवाकडे रचलेले असतात, म्हणजे पाऊल बघून टाकावं लागतं. मग वाकून हात धुवायची जागा येते. आणि शेवटी जेमतेम दोन फुटांचं दार, ज्यातून गुडघ्यांवर सरकतच आत जाता येतं. तिथे सरदारालाही तलवार बाहेर ठेवावी लागे. आत जे एकच चित्र टांगलेलं असतं आणि एकच फूल ठेवलेलं असतं, ते बघायला डोळे या वाटेवर तयार होतात. आजचे जपानी आर्किटेक्ट काँक्रीट आणि काच वापरून हीच तयारी करून घेतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच: दार रस्त्यालगत असतं, तर रस्ताही तुमच्याबरोबर आत आला असता.

प्रश्न: नाओशिमाच्या चिचू म्युझियममध्ये फ्रेंच चित्रकार मोनेची चित्रं बघायला बूट काढावे लागतात, हे तुमच्या लेखात वाचून खटकलं. चित्राला देव करण्याचा हा अट्टहास नाही का? चित्र हे चित्रच आहे.

उत्तर: तुमचा आक्षेप मला आवडला, कारण चिचूमध्ये उभं राहून मलाही तो प्रश्न पडला आहे. पण बुटांपासून सुरुवात करू. जपानात बूट काढण्याचा संबंध पावित्र्यापेक्षा जमिनीशी जास्त आहे. घर, पारंपरिक खानावळ, कितीतरी शाळा, सगळीकडे ते काढतात. चिचूच्या त्या खोलीत तर जमीन म्हणजे इटलीतल्या कारारा संगमरवराचे दोन-दोन सेंटिमीटरचे सुमारे ७ लाख ठोकळे आहेत, पांढरेशुभ्र. बुटाला चिकटून आलेली रेती त्यांच्यावर घासली जावी असं कोणालाच वाटणार नाही.

आता त्याचा परिणाम काय होतो ते सांगते. दिलेल्या सपाता पायांत सरकवल्या की टाचांचा आवाज बंद होतो आणि चाल आपोआप मंदावते. त्याआधी एका अंधूक खोलीतून नेतात, तिथे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. मग समोरच्या चौकटीतून पहिलं मोठं चित्र दिसतं, दोन फलक मिळून सहा मीटर रुंद. खोलीत एकही दिवा नाही. छतातून गाळून येणारा दिवसाचा उजेड, बस्स. खोलीचे कोपरे गोलसर केले आहेत, त्यामुळे भिंत कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते नजरेला पकडता येत नाही. ढग आला की पाण्याचा निळा रंग बसतो, करडा होतो, आणि ढग सरला की कडेच्या जांभळ्या फटकाऱ्यांतून पुन्हा वर येतो. चित्र तेच, पण तुम्ही उभे आहात तेवढ्या वेळात ते बदलतं. मोनेने उतारवयात ही कमळं रंगवली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयातल्या आपल्या कमळांसाठी त्याने दिवसाच्याच उजेडाची दालनं मागितली होती. आर्किटेक्ट तादाओ आंदो यांनी २००४ साली चिचूमध्ये जे केलं ते त्या मागणीला धरून आहे. तिकीटघरापासून वर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेलाही मोनेने आपल्या बागेत लावलेली फुलं आणि झाडं आहेत. बहुतेक लोक बोलत बोलत ती ओलांडून जातात. तुम्ही तसं करू नका.

तरीही तुमचं म्हणणं मी पुरतं खोडणार नाही. चिचूमध्ये वेळेचं तिकीट, रांग, हळू बोलायची सूचना, उजेडातूनच कलाकृती घडवणाऱ्या जेम्स टरेलच्या खोलीत मोजक्याच माणसांना प्रवेश असं सगळं मिळून एक दडपण येतं. चित्र आवडलं नाही असं म्हणायची सोय तिथे उरत नाही, आणि कलेच्या बाबतीत ती सोय मला फार मोलाची वाटते. म्हणून तुमच्यासारख्या वाचकाला मी शेजारच्या तेशिमा बेटावर पाठवते. बूट तिथेही काढायचे आहेत, पण पुढे काय करायचं ते कोणी ठरवून देत नाही.

२०१० साली आर्किटेक्ट र्यूए निशिझावा आणि कलाकार रेई नाइतो यांनी तिथलं तेशिमा आर्ट म्युझियम मिळून केलं. ४० बाय ६० मीटरचं काँक्रीटचं कवच, आत एकही खांब नाही, जाडी २५ सेंटिमीटर आणि सर्वांत उंच जागीसुद्धा साधारण साडेचार मीटर. ते बांधलं कसं हे मला अजून मोहवतं: आधी मातीचा ढीग रचून त्याला हवा तो आकार दिला, त्यावर काँक्रीट ओतलं आणि ते पक्कं झाल्यावर खालची माती खणून बाहेर काढली. छताला दोन मोठी उघडी भोकं आहेत. काच नाही. पाऊस, पाला, चतुर, वारा, जे येईल ते येऊ दिलंय. आणि दाखवण्यासारखी वस्तू विचाराल तर फक्त पाणी.

जमिनीवर बारीक छिद्रं आहेत, टाचणीच्या डोक्याएवढी वाटावीत अशी. त्यांतून पाण्याचा मणी वर येतो आणि थांबतो. जमिनीवर पाणी धरून न ठेवणारा लेप आहे, त्यामुळे तो पसरत नाही, गोल राहतो. शेजारी दुसरा मणी येतो. दोघांची कड एकमेकांना लागली की वजन वाढतं आणि ते लांबुळके होऊन पळत सुटतात. उतार इतका कमी आहे की तो तुम्हाला पाण्याच्या पळण्यावरूनच कळतो. वाटेत एखादा तिसरा थेंब त्यांना मिळतो किंवा मिळत नाही. मग ते एका उथळ थारोळ्यात जाऊन थबकतात. मी तिथे माणसं पालथी झोपून, हनुवटी हातांवर टेकवून एकाच थेंबाकडे बघताना पाहिली आहेत. कोणाला खोकला आला तर तो कवचाला लागून सगळीकडे फिरतो, म्हणून माणसं कुजबुजतात. फलक वाचून नव्हे, स्वतःचा आवाज ऐकून. देव करण्याचा प्रश्न तिथे येतच नाही. ज्याला कंटाळा येईल तो उठून जातो, आणि वाटेतल्या झाडीतून समुद्र बघत परत जाणंही त्याच भेटीचा भाग आहे.

प्रश्न: टोकियोतल्या एका संग्रहालयात इतका अंधार होता की माहितीपट्ट्या वाचता येईनात. आणि ज्या प्रसिद्ध घडीच्या पडद्यासाठी गेलो तो लावलेलाच नव्हता! हेही अनुभवाचाच भाग समजायचं का?

उत्तर: तुमचा विरस मला समजतो. अंधाराचं कारण मात्र सौंदर्याचं नाही, रेशमाचं आणि कागदाचं आहे. जुनी जपानी चित्रं रेशमावर किंवा कागदावर, खनिज आणि वनस्पतीच्या रंगांत काढलेली असतात. उजेडाने झालेली हानी कधीच भरून निघत नाही. म्हणून अशा वस्तूंवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच प्रकाश ठेवतात, आपल्या अभ्यासाच्या टेबलावर असतो त्याच्या कितीतरी कमी. ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून नोंदलेली नाजूक चित्रं तर वर्षातून साधारण ६० दिवसच बाहेर काढावीत, असे तिथल्या सरकारी सांस्कृतिक विभागाचे निर्देश आहेत. उरलेले दिवस ती कोठारात विश्रांती घेतात.

चांगलं संग्रहालय या बंधनाचंही सोनं करतं. नेझूकडे ओगाता कोरिन या जुन्या चित्रकाराचा आयरिसच्या फुलांचा पडदा आहे, सोनेरी पार्श्वभूमीवर निळीभोर फुलं. तो बहुधा एप्रिल-मेमध्ये लावतात, कारण त्याच दिवसांत संग्रहालयाच्या बागेतल्या तळ्यात खरे आयरिस फुललेले असतात. पडदा बघून बागेत उतरायचं आणि फुलं बघून पुन्हा पडद्याकडे यायचं. पुढच्या वेळी जाण्यापूर्वी वेबसाइटवर त्या महिन्यात काय लावलंय ते तपासा. संग्रहालयाच्या नावावर विसंबून तिकीट काढू नका.

अंधार कसा वापरावा याचा धडा घ्यायचा तर उएनोच्या टोकियो राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारातलं होर्यूजी खजिन्याचं दालन बघा. होर्यूजी या बौद्ध मंदिराने १८७८ साली राजघराण्याला दिलेल्या ३००हून अधिक वस्तू तिथे आहेत. १९९९ची ही इमारत योशिओ तानिगुची यांची. बाहेर उथळ पाणी, मग काचेचा लख्ख प्रवेशकक्ष, आणि तिथून एकदम काळोखी खोली. हातभर उंचीच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या बुद्धमूर्ती, प्रत्येकीला स्वतंत्र उभी काचपेटी आणि नेमका तिच्यापुरता प्रकाश. भिंतीला टेकवलेली एकही नाही, त्यामुळे तुम्ही मागे जाऊ शकता. तेराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने पाठीवरच्या वस्त्राची चुणी कुठे छिन्नीने सोडून दिली ते दिसतं. मी मांडणीचं काम करताना ज्या खोल्या डोळ्यांपुढे ठेवते त्यांत ही पहिली.

आणखी एक गोष्ट बघा, सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चिनी मातीची भांडी, चहाचे वाडगे यांच्या काठाशी डोळे बारीक करून पाहिलंत तर जवळजवळ न दिसणारे पारदर्शक दोरे सापडतील. वस्तू भूकंपात कलंडू नये म्हणून ते बांधतात. गाठ वस्तूच्या सावलीत लपवायची, ताण इतकाच की झिलईला ओरखडा जाऊ नये. ते काम करणारे हात मी जवळून पाहिलेत. एका वाडग्याला अर्धा दिवस देतात.

माहितीपट्ट्यांबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. अक्षर मोठं करायला रेशीम आड येत नाही. तिथे सुधारायला हवं.

प्रश्न: फोटो काढू देतात का? वहीत टिपणं घेता येतात का?

उत्तर: फोटोंचा नियम जागोजागी वेगळा. टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात स्वतःच्या संग्रहातल्या बहुतेक वस्तूंचे फोटो फ्लॅशशिवाय काढता येतात. चिचू आणि तेशिमामध्ये आत काढता येत नाहीत. टिपणं जरूर घ्या, पण शिसपेन्सिलीने. पेन उघडलंत तर तिथली बाई हलकेच येऊन तुमच्या हातात पेन्सिल ठेवेल. पिशव्या लॉकरमध्ये ठेवा, १०० येनचं नाणं बहुतेक ठिकाणी परत मिळतं. छत्रीसाठी दारात कुलूपवाला स्टँड असतो.

प्रश्न: मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी आहे. जपानी संग्रहालयांतली ही शांतता, रिकामी जागा, सगळं झेन या बौद्ध ध्यानपंथातून आलं असं आम्हाला शिकवतात. खरं आहे?

उत्तर: एका ठिकाणी अगदी खरं आहे. कानाझावाला डी. टी. सुझुकी म्युझियम आहे, झेन जगभर पोचवणाऱ्या विचारवंताच्या जन्मगावी, २०११ साली तानिगुचींनीच बांधलेलं. तिथे लेबलांचा भडिमार नाही. पाण्याच्या आरशाशेजारी बसायची एक खोली आहे आणि मधूनमधून त्या पाण्यावर एक तरंग उठवला जातो. तेवढंच बघायचं.

पण बाकी सगळ्याला झेनची चिठ्ठी लावलीस तर तू खऱ्या कारणांकडे बघायचं सोडून देशील. उएनोचं पाश्चिमात्य कलेचं राष्ट्रीय संग्रहालय (१९५९) ल कोर्बुझिए या स्विस-फ्रेंच आर्किटेक्टचं आहे. मिहोचे पेई चीनमध्ये जन्मलेले अमेरिकन. नेझूचा संग्रह रेल्वेच्या मालकाचा. आणि सेतो समुद्रातल्या त्या बेटांकडे नीट बघ. नाओशिमाच्या उत्तर टोकाला तांबं गाळण्याचा कारखाना आहे, त्याच्या धुराने एके काळी डोंगर बोडके झाले. तेशिमावर वर्षानुवर्षं बेकायदा औद्योगिक कचरा टाकला गेला. गावकऱ्यांनी झगडून तो उचलायला लावला, सुमारे ९ लाख टन. इनुजिमा बेटावर तर आर्किटेक्ट हिरोशी सांबुइची यांनी बंद पडलेल्या तांब्याच्या कारखान्यातच २००८ साली संग्रहालय केलं आणि त्याचं जुनं धुराडं हवा वर खेचतं त्याचा उपयोग करून आत हवा खेळवली, वातानुकूलनाशिवाय. या बेटांवर हळू चालायला लावणं, जमीन न चिरडता तिच्यात शिरणं, याला त्या जखमांचा संदर्भ आहे. तुझ्या प्रबंधात झेनला एक परिच्छेद दे आणि तांब्याला दोन.

प्रश्न: मुलगी बारा वर्षांची आहे. हिरोशिमाचं संग्रहालय तिला दाखवावं का? आणि मुलांना रमवेल असं एखादं सुचवा.

उत्तर: दाखवा, पण आधी बोलून घ्या आणि ती थांबू म्हणाली तर थांबा. आर्किटेक्ट केंझो तांगे यांनी १९५५ची ती इमारत खांबांवर उचलून धरली आहे, तिच्याखालून बघितलं की स्मारकाची कमान आणि तिच्या आत, नदीपलीकडे, अणुबाँबने उद्ध्वस्त झालेला घुमट एका रेषेत येतात. २०१९च्या नूतनीकरणानंतर मुख्य इमारतीतली मांडणी खऱ्या वस्तूंवर बेतली आहे: जळालेला डबा, फाटलेला गणवेश, एका लहान मुलाची तीनचाकी. पूर्वीचे भाजलेल्या माणसांचे, मेणाचे वाटावेत तसे पुतळे काढून टाकले, आणि तो निर्णय मला पूर्ण पटतो. गणवेशावरच्या हाताने घातलेल्या टाक्यांसमोर पुतळा खोटा पडतो. या दालनांत उजेड कमी आहे आणि ती एकामागून एक येत राहतात. शेवटी मात्र तुम्ही एका लांब, खिडक्यांच्या मार्गिकेत बाहेर पडता. दिवसाचा उजेड, बसायला बाकं, समोर बाग आणि तीच रेषा. तिथे मुलीशेजारी हवं तितका वेळ बसा. मांडणी करणाऱ्यांनी ती जागा त्यासाठीच राखली आहे. तिकीट मोठ्यांना २०० येन, तिला मोफत.

रमण्यासाठी कानाझावाचं २१व्या शतकाचं समकालीन कला संग्रहालय. २००४ साली काझुयो सेजिमा आणि निशिझावा यांच्या ‘साना’ या आर्किटेक्ट-जोडीने बांधलं. सुमारे ११३ मीटर व्यासाचं काचेचं वर्तुळ, त्याला पुढची बाजू नाही की मागची, अनेक दारं आहेत आणि बराचसा भाग तिकिटाशिवाय फिरता येतो. शाळेतून घरी जाणारी मुलं त्यातून आरपार जातात. दालनं म्हणजे त्या वर्तुळात विखुरलेल्या वेगवेगळ्या उंचीच्या पेट्या. कुठून सुरुवात करायची हे तुमची मुलगी ठरवेल, तुम्ही तिच्या मागे जा. कलाकार लिआंद्रो एर्लिखचा पोहण्याचा तलाव तिथेच आहे: वरून बघणाऱ्याला पाण्याखाली कपडे घातलेली माणसं चालताना दिसतात, कारण काचेवर फक्त १० सेंटिमीटर पाणी आहे आणि खाली कोरडी खोली. खाली उतरण्यासाठी वेळ आधी राखून ठेवावी लागते, ती सकाळीच ठेवा. सोमवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ते त्याच्या दुसऱ्या दिवशी बंद.